चिखल असा वाजत नाही

हाड मोडायचं असेल तर मी सेलरीची जुडी पिळते.
बर्फातली पावलं म्हणजे कातडी पिशवीतलं कॉर्नफ्लॉवर,
अंगठ्यानं दाबत जायचं, पडद्यावरच्या माणसाचा तोल सांभाळत.
लिस्बनच्या एका तळघरात तेवीस वर्षं
दुसऱ्यांच्या चित्रपटांना मी आवाज पुरवते.
पोट त्यावरच चालतं.

तेल्मुचा चित्रपट आला. त्यात युद्ध जवळजवळ नव्हतंच.
गिनीहून परतलेला एक माणूस, त्याची बायको, एक टेबल.
तेल्मु म्हणाला, याच्या डोक्यात सतत स्फोट होत असतात,
तेवढे दे मला. कानठळ्या बसतील असे.
मी म्हटलं, बघते.

त्याला काय सांगणार,
आमच्या घरात स्फोट कधी ऐकू आलेच नाहीत.
ऐकू यायचं ते आईचं जपणं.
आधी फडकं, मग त्यावर ताट.
बिजागऱ्यांना दर शनिवारी डुकराची चरबी.
चमचा ठेवताना ती आधी करंगळी टेकवायची,
चमचा करंगळीवर उतरायचा
आणि मग करंगळी हळूच निघून यायची.
माझं काम मी तिच्याकडूनच शिकले,
उलट्या बाजूनं.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या दिवशी,
आमच्या डोंगराकडे घरोघर चेस्टनट भाजतात.
एक फळ चिरायचं राहिलं, निखाऱ्यात फुटलं.
मी सहा वर्षांची.
बाबा टेबलाखाली, त्यांच्याखाली मी,
माझ्या तोंडावर त्यांचा तळवा. तंबाखूचा वास.
काका हसायला लागले
आणि मग कुठे बघावं ते त्यांना कळेना.
पुढल्या वर्षापासून आई एकेक फळ दिव्याखाली धरून चिरायची,
आडवं, उभं,
आणि टोपली रिकामी करून पुन्हा बघायची.

तर मी तेल्मुला स्फोट दिले नाहीत. करंगळी दिली.
तो दोन दिवस भांडला, तिसऱ्या दिवशी गप्प झाला.
खाजणातल्या बुटांचे अकरा सेकंद तेवढे होते मागच्या आठवणीत,
त्याला मी जुनं पायपुसणं आणि भिजलेली वर्तमानपत्रं वापरली.
छान जमलं होतं. सगळे म्हणाले.

विन्याइशला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये खेळ झाला.
बाबा दाराजवळच्या खुर्चीवर, नेहमीसारखे.
आईच्या मुठीत लिमलेटची गोळी,
कागद वाजेल म्हणून शेवटपर्यंत न सोललेली.
लोकांनी डोळे पुसले. महापौर बोलले, जरा जास्तच.

परतताना, तिसऱ्या वळणावर, बाबा म्हणाले,
"चिखल असा वाजत नाही."

कशाचा आवाज कसा येतो, हे विचारण्याचे मला पैसे मिळतात.
त्यांना मी कधीच विचारलं नव्हतं.
"मग कसा?"
ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सकाळी उठले तर अंगणात
डुक्कर धुवायचं घमेलं, माती, कोंडा, पाण्याची बादली.
बाबा गमबूट घालून आत उभे,
शहात्तर वर्षांचे, एक हात भिंतीला.
"पातळ झालं. हा नाही."
राख टाकली. "हाही नाही."
मी माइक आणला. कशासाठी, देव जाणे,
चित्रपट कधीच पुरा झाला होता.
"पाय टाकताना आवाज नसतोच गं," ते म्हणाले,
"काढताना येतो. सोडत नाही तो.
आणि पुढचा माणूस थांबला, की आपण—"

पाय अर्धा वर निघालेला.
घमेल्यात बुडबुडा आला, फुटला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती,
हातात पातेल्याचं झाकण,
ते ठेवावं की नाही ते न कळून.