नावे

पासबुक छापून आणलं सोमवारी.
मशीन करकरलं, शाई फिकी,
पण ओळ वाचता येत होती :
चौदा तारीख, तृप्ती फॅमि. रेस्टॉ,
दोनशे साठ, नावे.

रेस्टॉ. पुढची अक्षरं मावली नव्हती रकान्यात.

हॉटेलात मी शेवटची गेले ती पुतणीच्या वाढदिवसाला,
वणीला, दिवाळीच्या आधी,
आणि तिथंही पैसे दीरानं दिले होते.

सासूबाईंनी विचारलं, काय खाल्लं वं?
लेकानं नागपूरहून सांगितलं, कार्ड बंद कर, आई,
फसवणूकच आहे, आधी लहान रकमा काढतात.
बँकेतले पिंपळशेंडे म्हणाले, अर्ज द्या,
पंचेचाळीस दिवस धरून चाला.
नवरा काहीच बोलला नाही.
भात कालवता कालवता त्यानं भागाकार केला असावा,
कारण पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला,
एकशे तीसला थाळी असते आजकाल.

म्हणजे दोन.

चौदाला मी कुठं होते?
डायरी काढली, उपकेंद्राची.
गुरुवार. पोडावर लसीकरण. लाभार्थी अकरा, हजर सात.
गाडीवर बसून डब्यातली भाकर खाल्ली
असलं काही त्या डायरीत लिहीत नाहीत.
पण समासात, माझ्याच अक्षरात : पंक्चर.

तेव्हा आठवलं.
फाट्यावर मागचं चाक बसलं होतं,
खांद्याला लसींचा डबा, आत बर्फाचं पाणी होत चाललेलं,
आणि मी त्या माणसाच्या डोक्यावर उभी राहून
दादा लवकर, दादा लवकर.
नवीन ट्यूब टाकली त्यानं.
मी फोन धरला, हिरवी खूण पाहिली, निघाले.
नाव कोण वाचतं.

मंगळवारी मुद्दाम थांबले.
टिनाचं शेड, टायरांची चळत, पाण्याचं घमेलं.
मागं एक लांब ओटा, पांढऱ्या टाइल्सचा.
पंक्चरच्या दुकानाला कशाला लागतात टाइल्स?
खांबाला तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोन टांगलेला,
प्लास्टिकच्या आत,
एका कोपऱ्यात तर्रीचा डाग.

निखाडे त्यांचं नाव.
बायपास झाला मॅडम, म्हणाले,
कोळशाच्या गाड्या वरूनच जाते आता.
बोर्ड भंगारात देल्ला, खुर्च्या मंडपवाल्यानं नेल्या.
हे तेवढं राह्यलं.
पैसे येते ना यावर, मंग काहून बदलवा?

मी पासबुक उघडून धरलं.
त्यांनी हात पुसले फडक्याला, पालथेसुद्धा,
आणि तरी कागदाला बोट न लावता वाचलं.
बँकेत अजून येते का हे?
पुरं काय लिवते, वाचा ना.

मी फोन काढला, चौकोनासमोर परत धरला
आणि मोठ्यानं वाचलं :
तृप्ती फॅमिली रेस्टॉरंट, ए.सी.

हवेचा पाइप हातातच होता त्यांच्या.
ए.सी. नोता बाप्पा, म्हणाले.
कूलर होता.