दुसरा भाग

पहिल्या भागात इंजिन तवंदीचा घाट
भिंतीवरच्या पालीसारखं सरळ चढायचं.
दुसऱ्या भागात ते घसरतं.
चाकं जागच्या जागी फिरतात,
मागून आणखी एक इंजिन लावावं लागतं.
अप्पा खुर्ची पुढं ओढून म्हणाले,
"हां. आत्ता कसं."

आमच्या निपाणीला रेल्वे नाही.
अप्पांनी एकतीस वर्षं तिनईघाटाच्या बाजूला
खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासले,
सैल चावी दिसली की ठोकली, पुढं चालले,
आणि रिटायर होऊन घर बांधलं अशा गावात
जिथं कान जमिनीला लावला
तर फक्त हायवे ऐकू येतो.
आईचा हट्ट. तिचं माहेर पलीकडच्या गल्लीत.

म्हणून झेरॉक्सचं शटर अर्धं ओढून
रात्री मी निपाणीला रेल्वे आणते.

या भागात जमीन खरी घालता येते,
चढ-उतार जसेच्या तसे.
वेदगंगेवर सात कमानींचा पूल बांधला,
परवडत नव्हता तरी.
संध्याकाळी त्याची सावली पाण्यात लांब होत जाते,
त्यासाठी पैसे दिले असं समजा.
कोगनोळीजवळ नकाशात सीमा नाही.
गाडी तिथं शिट्टीसुद्धा न मारता निघून जाते.

पण स्टेशनला नाव द्यायला गेले :
निपाणी लिहिलं, सहा रिकामे चौकोन उमटले.
शेजारचा बसगौडा मोबाईल दुरुस्ती सोडून आला,
म्हणाला, "सरक, कन्नडमधून बघू."
आठ चौकोन.
दोघं बराच वेळ पाटीकडं बघत बसलो.
त्याचे दोन जास्त, एवढंच.
शेवटी इंग्रजीत लिहिलं आणि चहा मागवला.

मालाच्या यादीत कोळसा आहे, द्राक्षाची दारू आहे,
तंबाखू नाही.
मी डब्यात गहू भरते आणि मनात तंबाखू म्हणते.
सिग्नल तर विचारूच नका.
संकेश्वरला दोन गाड्या समोरासमोर आल्या,
अकरा दिवस तशाच उभ्या.
मागं घ्यायची सोय पहिल्या भागात होती,
दुसऱ्यात काढून टाकली.
का, ते बनवणाऱ्यांना ठाऊक.
फलाटावर प्रत्येक माणसाला आता घर आहे, काम आहे,
जायचं ठिकाण आहे. फार छान.
फक्त गाडी चुकली आणि तो कंटाळला
की जागच्या जागी नाहीसा होतो.

अप्पा चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावतात.
"तो कुठाय? हिरवा झेंडावाला? बारका?"
"या भागात नाही. आपोआप होतं सगळं."
"आणि रूळ? उन्हात फुगत नाही?"
"नाही."
"पावसात भराव खचत नाही?"
"नाही, अप्पा."
थोडा वेळ ते पुलावरून जाणारी मालगाडी बघत राहिले,
डबे मोजत असावेत, ओठ हलत होते.
"मग बरोबर आहे," म्हणाले. "माणूस कशाला लागतोय."
चिडून नव्हे.
पगारपत्रकावर सही करताना म्हणावं तसं.

एक गोष्ट मात्र साधलीय त्यांना, मान्य करते :
आवाज.
सांध्यावरून चाक जातं तेव्हाचा तो खटका,
पुलावर पोकळ, खिंडीत भरीव,
लांब गेल्यावर उरतो तेवढाच.
परवा स्पीकर मोठा केला आणि कुणाचं तरी आधार कार्ड
दोन्ही बाजूंनी काढत होते.
वळून बघितलं, अप्पा झोपलेत.
खुर्चीत, तोंड उघडं.
घर बांधल्यापासून त्यांना सलग झोप नाही,
डॉक्टर वय म्हणतात.

रिकामी मालगाडी निपाणी-संकेश्वर सोडून दिली.
कोपऱ्यातला आकडा लाल होत चाललाय.
दर फेरीला कंपनीचे नऊशे बुडतात.
पहाटेपर्यंत पुरतील, मी हिशेब केलाय.
त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून,
पुलाच्या चार कमानी कमी करून.