गुरं लपवायची जागा

खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर इथे दरी नाहीच.
दोन सुळके खांद्याला खांदा लावून उभे,
मधे घराएवढ्या धोंड्यांची रास
आणि तिच्या पोटात शिरून गडप होणारा ओढा.
म्हणूनच ती आमच्या कुळाला आवडली.

पाटीवर लिहिलंय: साडेतीन तास. चढ अवघड.
ओल्या दगडावर जपून.
गाईला लागायची अख्खी रात्र,
तोंडाला फडकं बांधलेलं,
पुढे एक पोरगा, मागे काठी घेतलेला कुणी याखन,
आणि शेजारच्या खोऱ्यातले मालक मशाली घेऊन
भलत्याच डोंगरावर.
चोराच्या वाटा चोरांनाच ठाऊक.
आता त्या नकाशावर आहेत, हिरव्या तुटक रेघेत,
आणि त्या नीट ठेवायचा मला पगार मिळतो.

सोर्ले आणि मी. पहार, फावडं, किटलीभर चहा.
एक पायरी बसवायला सकाळ जाते.
बर्चच्या झाडीतून वर, ओढा डाव्या हाताला,
मग सपाट कुरण, एवढं सपाट की माणसं हसतात.
पुढची धार वाऱ्यात धरू नये.
धरतातच.
फेब्रुवारीत दोघांना खाली आणलं,
एकाला चालवत.

मे महिन्यात मॅनिटोबाहून वेंडेल आला,
कोरे बूट, गुडघ्याला पट्टा, आडनाव आमचंच.
विचारलं, आमचं घर कुठं होतं?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात.
मूळ मी दाखवलं असतं,
वरच्या गवतात, टोपीएवढं डबकं.
पण इथे घर कुणाचंच नव्हतं.
गुरं होती, दुसऱ्यांची.
आणि एका हिवाळ्यात खाली छपरं पेटली
तेव्हा माणसं आली, त्याच वाटेनं,
तशीच रात्री,
लेकरांच्या तोंडाला फडकी बांधून.

हे सगळं ओठांपर्यंत आलं होतं.
मी बोट दाखवलं पडक्या भिंतीकडे,
जी सोर्लेच्या बापानं मेंढ्यांसाठी रचली होती,
मी शाळेत होतो तेव्हा.

वेंडेलनं तिच्यावर तळवा ठेवला.
बराच वेळ.
सोर्ले किटलीत बघत राहिला.
मग एक दगड सुटा करून रुमालात गुंडाळत
वेंडेल म्हणाला, चालेल ना?
चालेल, म्हटलं.
सगळे इथे चोरून आणत आले,
इथून नेणारा तू पहिलाच.
तो हसला. त्याला विनोद वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी त्या भोकात आम्ही दुसरा दगड घातला.
बसेना. सोर्लेनं हातोडीनं कोपरा उडवला,
बापाला एक शिवी हासडली, मग बसला.
उतरताना पाहिलं,
सातव्या वळणावरची पायरी पुन्हा हलतेय.