नऊ मिनिटं

वर डभोई, खाली प्रतापनगर,
आडवे चोवीस तास,
आणि हातात निळी पेन्सिल.
सवारी गाडी निळी, मालगाडी लाल.
नव्या पोरांना हे समजावताना
दरवेळी माझी जीभ अडखळते:
उभी रेघ पळते,
आडवी रेघ उभी असते.

रूळ एकेरी. दोन रेघांनी एकमेकींना छेदायचं
ते लूप असलेल्या स्टेशनातच.
मधल्या कपाशीत छेदल्या
तर तो कागद कुणाला पुन्हा आखता येत नाही.
एवढं एक सोडलं
तर बाकी सगळं खोडरबराच्या हाती.

होळीनंतर अर्ज आला.
वहीचं फाडलेलं पान, एक्केचाळीस सह्या,
त्यातले अकरा अंगठे.
मकरपुऱ्याचं गेट पावणेआठला बंद होतं,
गाडी टेकते सात पस्तीसला,
शटल रिक्षा भरेपर्यंत अर्धा दिवस कापला जातो.
साहेब म्हणाले, भाले मॅडम, लिहून टाका,
मार्ग उपलब्ध नाही.

लिहिलंही होतं.
मग एका मंगळवारी डभोईहून बसले त्याच गाडीत.
छान पळाली. केलणपूर सोडलं,
टाइल्सच्या कारखान्याची मागची भिंत आली,
आणि सिग्नलबाहेर थांबली.
पुढे प्लॅटफॉर्म रिकामा दिसत होता.
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
भिंतीलगतचा कुत्रा उठून तिसऱ्या डब्याखाली आला,
त्याला वरून पोळी पडली.
समोर कोकिळाबेन तडवी,
कँटीनमध्ये भाजी करतात,
ओटीतून लसूण काढून सोलायला बसल्या.
विचारलं, इथे का थांबते?
त्या म्हणाल्या, गाडी तो आवी गई, बेन,
टाइम नथी आव्यो.

पाव किलो लसूण सोलून झाला
तेव्हा गाडी हलली.
बरोब्बर सात पस्तीस.

ऑफिसात जुने तक्ते काढले.
शेवटच्या दोन ठाण्यांमध्ये
टिपणीस साहेबांनी नऊ मिनिटं पेरलेली,
अकरा वर्षांपूर्वी, सुबक अक्षरात.
माणूस वाईट नव्हता.
उशिराचे खुलासे लिहून थकला होता,
म्हणून त्याने गाडीच्या खिशात
थोडी वेळ शिवून ठेवली, घरात ठेवतात तशी, अडीअडचणीला.
गाडी अठ्ठ्याण्णव टक्के वेळेवर.
फलक लागला, पेढे वाटले गेले.
आणि गाडी रोज शहराच्या उंबऱ्यावर
आपल्याच वेळेची वाट बघत उभी.

खोडलं.
आडवी रेघ नाहीशी झाली, निळी सरळ खाली उतरली,
सात सव्वीस.
मालगाडीला पाच मिनिटं मागे लोटलं,
त्यासाठी परमारशी तीन दिवस फोनवर भांडले,
चौथ्या दिवशी त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली
आणि भांडण तिथेच राहिलं.

आता ती गाडी कधी सात अठ्ठावीस,
कधी सात एकतीस.
कागदावर लेट.
टक्के घसरून एक्क्याऐंशी,
फलक उतरवला, भिंतीवर त्याचा चौकोन पांढरा राहिला आहे.
दर महिन्याच्या पाच तारखेला
मी खुलासा लिहिते. कारणाच्या रकान्यात
नुसतं ‘वेळ खरी लावली’ असं चालत नाही,
म्हणून गुरं, दाट धुकं, फाटक,
जे त्या दिवशी खरंच झालं असेल ते.

गेटवर कुणाचा अर्धा दिवस गेला का,
हा रकाना आमच्या फॉर्मात नाही.

दिवाळीआधी पुन्हा एकदा गेले त्या गाडीने.
कोकिळाबेननी ओळखलं नाही, किंवा ओळखलं असेल.
टाइल्सची भिंत सर्रकन मागे गेली,
कुत्रा उठेपर्यंत आम्ही प्लॅटफॉर्मला.
त्या ओटी सावरत उठल्या,
शेजारणीला म्हणाल्या,
या नव्या टाइमात एकच पंचाईत,
लसूण आता कँटीनमध्येच सोलावा लागतो.