आज भट्टी बंद

दादांकडं एकच शर्ट असा होता
ज्याला ठिणगीनं पाडलेलं भोक नव्हतं.
पांढरा. वर्षातनं तीनदा पेटीबाहेर यायचा,
सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट.
आदल्या रात्री आई तांब्यात निखारे घालून
त्याची कॉलर ताठ करत बसायची
आणि आम्ही तांब्यापासनं लांब, पण फार लांब नाही.

शाळेत झेंडा सकाळी सातला.
जिलबी नाही, ती पंधरा ऑगस्टाची.
एक मेला लिमलेटची गोळी आणि निकाल.
धैर्यशील गणितात काठावर पास,
म्हणजे बुडत होता, बाईंनी हात देऊन वर ओढलेला.
दादांनी प्रगतिपुस्तक मागनं-पुढनं बघितलं,
"पास हाय न्हवं? मग चला, गाडी चुकंल."

रंकाळा स्टँडवर पन्हाळ्याच्या एसटीला
शालन आत्यानं खिडकीतनं पिशवी टाकली,
मग रुमाल, मग मंगलला.
सहा माणसं, तीन सीट,
मांडीवर भाकरीचं गाठोडं, अजून गरम.
वाघबिळाला कान दडे बसले की कळायचं
आता सुट्टी खरी सुरू झाली.

वर गेल्यावर कुणी काय बघितलं ते आठवत नाही.
दरवाजा, विहीर, तटबंदी, असेलच.
आठवतो तो करवंदांचा द्रोण, आठ आण्याला एक,
आणि चावून बघायचं: आत लाल तर कोंबडा,
पांढरं तर कोंबडी.
त्या दिवशी आईला सगळे कोंबडेच निघाले.
एकामागनं एक, सात.
सातव्याला ती पदर तोंडात कोंबून अशी हसली
की पलीकडच्या झाडाखाली जेवणारी माणसं
हातातला घास तसाच धरून बघत राहिली,
आणि तिनं फेकलेलं आठवं करवंद
दादांच्या छातीवर, बरोब्बर खिशाखाली.

कुणी काही बोललं नाही.
दादांनी डाग बघितला. आईला बघितलं.
"बघू, ह्यो कोंबडा का कोंबडी," म्हणाले.

उन्हं कलल्यावर सज्जाकोठीच्या कठड्याशी
आम्हांला ओळीनं उभं केलं.
"ती नदी. ते उसाचं हिरवं. त्याच्या पल्याड शिरोली.
तिथं आमची चिमणी."
मंगल झाडांत शोधायला लागली, कुठाय चिमणी?
तिला वाटलं पाखरू.
खाली नुसता धुरळा, उन्हानं पांढरा पडलेला.
"रोज धुरानं वळखू येती," दादा म्हणाले,
"आज भट्टी बंद. म्हणून दिसंना झालीय."
ते असं म्हणाले जसं काही
भट्टी त्यांनीच सकाळी जाता जाता फुंकून विझवली.

दिसली, आई म्हणाली.
दिसली की, आत्या.
मीपण म्हटलं, दिसली.
धैर्यशील डोळ्यांवर हात धरून लई वेळ बघत होता.
"दोन हायत," म्हणाला.
दादा त्याच्याकडं वळले.
"व्हय. दोनच हायत. एक जुनी, पडीक.
तुला रं कसं दिसलं?"
त्यानं खांदे उडवले. काठावर पास पोरगा.

येताना गंगावेशीत उतरलो, दूध कट्ट्यावर.
म्हशीखालचं, फेसाळ, पितळी ग्लासात,
मंगल ग्लास हातात धरूनच झोपली.
दादांच्या मिशीवर फेस तसाच होता,
आईनं सांगितलं नाही, आम्हीपण नाही,
घरापर्यंत तसंच आणलं त्यांना.

दोन तारखेला पहाटे ते भोकांच्या शर्टात
सायकलवर टांग टाकून गेले.
पांढऱ्या शर्टाला आईनं लिंबू लावलं,
मीठ लावलं, दही लावलं, तीन उन्हं दाखवली.
डाग जांभळ्याचा तांबूस झाला, तिथं थांबला.

पंधरा ऑगस्टला पेटी उघडली तेव्हा
तिनं टाचणी दातात धरली,
आणि कागदी झेंडा लावला
खिशावर नाही, इतरांसारखा,
चार बोटं खाली.