कुंपणावरचा हातमोजा

ऑक्टोबरात कायानीत सकाळ होते
ती नावापुरती.
सात वाजता दिवा लावून मी हातमोजे मोजतो :
तीन.
पोरं दोन, हात चार,
आणि हातमोजे तीन.

"डावा कुठाय रे?"
आमोस म्हणतो, "तो कालच हरवला. परवा."
तीन वर्षांच्या हिल्पाला यात काहीच खटकत नाही.
तिनं चिखलातल्या रबरी विजारीच्या
एकाच नळीत दोन्ही पाय कोंबलेत
आणि आपण जलपरी झाल्याचं
ती सगळ्या जिन्याला ओरडून सांगते आहे.

तुइया रात्रपाळीहून नुकतीच आली.
इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रभर चादरींच्या घड्या घालते
आणि घरी आल्यावर
स्वतःचीच घडी करून पडते, गुडघे पोटाशी.
तिला उठवायचं नाही,
एवढा एकच नियम या घरात आहे.
तोही आम्ही कुजबुजत मोडतो.

अंधारात मोटारवाल्यांना दिसावं म्हणून
कोटांना चमकणारी चित्रं अडकवायची :
आमोसला घुबड, हिल्पाला मासा.
उजेड पडला की दोघं लखकन पेटतात.
मला कोण अडकवणार?
मी आपला
घुबड आणि मासा यांच्या मधला काळोख.

वाटेत रोवनची झाडं फळांनी लालेलाल.
तळमजल्यावरच्या केर्तूआजी कुत्र्यासकट थांबतात.
"यंदा फळं उदंड. म्हणजे बर्फ बेताचा.
रोवन दोन ओझी उचलत नाही."
आमोस झाडाकडे बघतो, मग माझ्याकडे :
पाठीवर त्याचं दप्तर, काखेत हिल्पा,
हातात तिचा एक बूट,
जो तिला आज नको आहे.
"बाबा उचलतो," तो सांगतो.
आजी हसत नाहीत.
कुत्र्याची दोरी त्याच्या हाती देतात, वाकतात,
गुडघा कट्‌कन वाजतो,
आणि बूट पायात.
मी दहा मिनिटं झगडत होतो.

मग आला तो रविवार,
घड्याळं तासभर मागे घ्यायचा.
सरकारी खर्चानं एक आख्खा तास!
त्याचं काय करायचं ते आम्ही दोघांनी
आठवडाभर आधी ठरवलं होतं :
झोपायचं.
पण पोरांच्या पोटातलं घड्याळ मागे कोण फिरवणार?
पावणेपाचला हिल्पा उशाशी उभी.
"सकाळ झाली."
"नाही झाली."
"झाली. मी उठले ना."
यावर तुइयालाही उत्तर सुचलं नाही.

लापशी खाल्ली. कपबशा विसळल्या.
तरी सहासुद्धा वाजले नव्हते.
शेवटी विजेरी घेऊन चौघं नदीकाठी गेलो,
दुसरं करणार काय.
गवत पायाखाली कुरकुरत होतं,
नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.
आणि कुंपणाच्या एका खुंटावर
अंगठा वर करून
आमचा डावा हातमोजा.

कुणी अनोळखी माणसानं चिखलातून उचलून
नीट ताठ बसवून ठेवलेला.
त्याच्यावर पांढरी हिवाची लव.
हिल्पानं आधी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.
तुइयानं उलटा केला,
तर आतून रोवनची फळं टपटपली,
गोठून खडे झालेली.
"हरवला नव्हता," आमोस म्हणाला,
"पक्ष्यांचा डबा होता तो."
तुइया इतकी हसली
की पलीकडच्या काठावर कुणाचा तरी दिवा लागला.

सोमवारी दिवा लावून मी मोजले :
पाच.
पाचवा हिरवा, मोठ्या माणसाचा,
करंगळीला भोक.
"तो पण खुंटावर होता," हिल्पा म्हणाली,
"एकटाच."

आता हा कुणाचा,
कुठल्या खुंटावरचा,
आणि त्याचा धनी आज
कुठल्या खिशात हात कोंबून फिरतोय?
विचारायला वेळ नव्हता.
सात वीस झाले होते,
आणि जलपरीला
अजून पाय फुटायचे होते.