उणे दहाचा समुद्र

कोल्हापुरात समुद्र आहे.
शिरोलीच्या बर्फ कारखान्यात, फळ्यांखाली,
वीस फूट बाय चाळीस, खारा, उणे दहा अंशांचा.
लाट नाही. त्यात डबे बुडवतात गोड्या पाण्याचे,
दुसऱ्या दिवशी लाद्या निघतात.
मी वरच्या खोलीत बसून त्या वहीत लिहिते.

मशीनवरचा पिराजी सुतार सांगायचा,
थंडी असं काय नसतंय बाई,
आपण निस्ती ऊब काढून मागल्या दारानं टाकतोय.
मागच्या दाराशी खरंच गरम वारा लागतो.
तिथं एक मांजर झोपतं.

म्हणून नोव्हेंबरात देवगडाहून तारी म्हणाला,
दर्याचा पाणी ऊन लागता,
तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

लक्षद्वीपापलीकडं पाणी आठवडाभर तापलेलं.
वाफ उठली, वर जाऊन थेंब झाली,
थेंब होताना पोटातली ऊब सोडून दिली,
त्या उबेनं हवा आणखी हलकी, आणखी वर,
खाली पोकळी,
पोकळीकडं चहूबाजूंनी वारा धावला.
सरळ पोचला असता तर तिथंच भरपाई होऊन मिटलं असतं.
पण पृथ्वी फिरते. सरळ कुणीच पोचत नाही.
वारा वळला, घड्याळाच्या उलट फिरत राहिला.
आमचंच मशीन, मागचं दार पुढं केलेलं,
आणि बटणाशी पिराजी नाही.

नाव यादीतून आलं. बारसं आधी, जन्म नंतर.
टीव्हीवर तो इतका पांढरा
की मला लादीच आठवली,
मधोमध भोक पडलेली.
त्या भोकात म्हणे वारा नसतो,
निळं आभाळ असतं, आणि बाहेर पडता न येणारे पक्षी.

होड्या खाडीत बांधल्या. बर्फ कोण उचलणार?
शिल्लक २१०. शिल्लक ३४०.
शनिवारी पिराजीनं मशीन बंद ठेवलं.

रविवारी पहाटे तो जमिनीवर चढला.
मी पाहिलं नाही. तारीचा फोन बंद.
जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही,
एवढी एकच शिस्त माझ्या हाताला.

पायाखालचं पाणी सुटलं की त्याची शिदोरी संपते.
माड, कौलं, विजेचे खांब, मग करूळचा घाट,
गगनबावड्याचे कडे,
ज्यानं त्यानं थोडा थोडा ओढून घेतला.

कोल्हापुरात तो सोमवारी दुपारी आला.
रंकाळ्यावर भेळवाल्याची छत्री कलंडली.
कळंब्याकडं ऊस एका अंगावर लोळला.
पोरांना सुट्टी मिळाली, ती क्रिकेटात गेली.
आमच्या पत्र्यावर तासभर टिपटिप.
मशीन बंद, तरी मांजर दाराशीच.
एवढंच.

संध्याकाळी फोन. आवाज तारीचा नव्हता.
बरफ धाडा. मासळीक नको हा.
दवाखान्यात लाईट नाय.
सात जणां आसत. घरची माणसां मुंबैसून येवची आसत.
मी विचारलं, तारी कुठं आहेत?
तो म्हणाला, चाळीस लादी धाडा.

नियाज मुजावरनं भुसा टाकला, वर गोणपाट,
रात्री अकराला गाडी काढली.
ज्या घाटानं वादळ वर येता येता संपलं
त्याच घाटानं बर्फ खाली निघाला,
तोही वाटेत संपत,
मागं रस्त्यावर एक ओली रेघ.
किती पोचेल कुणाला ठाऊक.
चाळीस मी लिहिले. ते मी पाहिले होते.

वहीत शेवटचा रकाना असतो: कशासाठी.
आजवर तिथं मासळी, लग्न, उसाचा रस.
मी बराच वेळ पेन धरून बसले.

खाली पिराजीनं मशीन चालू केलं.
मागच्या दाराशी
हळूहळू ऊब यायला लागली.